ब्याण्णव टक्के आणि एक बाकडं

किल्लीवाल्याला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि ती म्हणजे त्याची लेक. जिन्याखाली बसणाऱ्या माणसाकडे गर्व करण्यासारखं दुसरं असणार तरी काय? एक बाकडं, त्यावर किल्ली आवळून धरायचा लोखंडी शेगडा, शेगड्याच्या कुशीत किल्ल्या कापायचं मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा आणि डोक्यावर सरकारी इमारतीचा जिना. त्या जिन्यावरून एकवीस वर्षं माणसं चढत-उतरत होती. वर न बघता, नुसत्या पावलांवरून तो सांगायचा, की हा साहेब आणि हा शिपाई. साहेबाची पावलं सावकाश पडतात. त्याला कुठं पोचायचं नसतं.

पण लेक! लेक दहावीला, आणि इंग्रजीत अशी तरबेज की बापाचं साधं बोलणंसुद्धा ती चिमट्यात धरून तपासायची.

"बाबा, तू आत्ता काय म्हणालास? कुलूप रुसलंय?"

"रुसलंयच. दोन वर्षं तेल नाही घातलं कुणी त्याला."

"चेतनगुणोक्ती!" लेक ओरडायची. "निर्जीव वस्तूला माणसाचे गुण. दोन मार्क."

"मार्क राहू देत, ती तेलाची बाटली दे," असं किल्लीवाला म्हणायचा खरा, पण दिवसभर मनातल्या मनात ते दोन मार्क खिशात घालून हिंडायचा. एकवीस वर्षं आपण अलंकार बोलतोय आणि कुणी सांगितलंसुद्धा नाही!

ही सगळी विद्या दहाबोटे सरांची. सरांचं खरं आडनाव काय होतं ते त्यांच्या क्लासच्या फीच्या पावतीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा बोटं, दहा हत्यारं, ही त्यांची पद्धत. डावा अंगठा म्हणजे प्रश्न, असा की ज्याला उत्तर नको असतं. तर्जनी म्हणजे उपमा. मधलं बोट म्हणजे तिकडी, कारण कुठलीही गोष्ट तीनदा सांगितली की तपासनीस खूश. मग पुनरुक्ती, अनुप्रास, अतिशयोक्ती, निर्जीव वस्तूला रडवणं, 'कल्पना करा!' अशी हाक. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांवर सरांचा विशेष जीव होता. एक आकड्याचं आणि एक तज्ज्ञाचं.

"पत्रात आकडा हवाच," सर सांगायचे. "कुठला? कुठलाही! पण गोल नको. नव्वद टक्के लिहिलंत तर तपासनिसाला वाटेल मनाचं लिहिलंय. ब्याण्णव लिहा. ब्याण्णव खरं वाटतं."

"सर, पण तो आकडा आणायचा कुठून?" एकदा एकीनं विचारलं होतं.

"डोक्यातून! तपासनीस काय सर्वेक्षण करायला जाणार आहे? त्याच्यापुढे तीनशे पेपर पडलेत. तो बोटं मोजतो, मार्क देतो आणि घरी जातो."

परीक्षेत चाळीस मुलं डाव्या हाताची बोटं दुमडत लिहायची. एक हत्यार वापरलं की एक बोट आत, पाच झाली की मूठ उघडून पुन्हा पहिल्यापासून. अशी दहा बोटं झाली की उत्तर पूर्ण. सांगायचं होतं ते सांगून झालं की नाही, हे मोजायला मात्र देवानं अकरावं बोट दिलेलं नव्हतं.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना एके सकाळी जिन्याखालच्या भिंतीवर कागद चिकटला. तिसऱ्या मजल्यावरच्या इमारत खात्याचा कागद, इंग्रजीत. किल्लीवाल्याला इंग्रजी अक्षरं यायची, कारण पितळी बिल्ल्यांवर खोलीचे नंबर आणि नावं तो रोज ठोकायचा. पण त्या अक्षरांची वाक्यं झाली की ती त्याच्या ओळखीची राहायची नाहीत. लेकीनं दुपारी शाळेतून येऊन वाचलं. जिन्याखालच्या वीजमीटरच्या कपाटाचं दार बाकड्यामुळे पुरतं उघडत नाही. सबब जागा मोकळी करावी. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. हरकत न आल्यास सोळाव्या दिवशी सामान हलवण्यात येईल.

किल्लीवाला खाली बसला. एकवीस वर्षांची जागा. माणसं कुलूप घेऊन यायची ती 'जिन्याखाली' यायची, त्याच्याकडे नव्हे. जिना गेला की तो गेला.

पण बसल्या बसल्या त्याची नजर मीटरच्या कपाटावर गेली आणि हात आपोआप टेपकडे गेला. कारागिराला दुःखसुद्धा मोजूनच होतं. दार अडीच फुटांचं. बाकड्याचा कोपरा त्याच्या आड येत होता तो जेमतेम एक फूट. आणि डावीकडे, जिना उतरत उतरत जमिनीला टेकतो त्या अंगाला, दोन फूट जागा मोकळी. तिथं तो फक्त झाडू ठेवायचा.

"अगं, हे तर काहीच नाही," तो लेकीला म्हणाला. "बाकडं डावीकडं दोन फूट सरकवतो. दार भिंतीपर्यंत उघडेल. लिही तसं. लिही की, मी बाकडं सरकवतो, मला राहू द्या."

"लिहिते की," लेक म्हणाली. तिच्या डोळ्यांत चमक आली होती. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या पत्त्यावर जाणारं पत्र! आजवर तिनं कितीतरी पत्रं लिहिली होती. तुंबलेल्या गटाराबद्दल, मोकाट कुत्र्यांबद्दल, हरवलेल्या सायकलीबद्दल, सगळी अशा अधिकाऱ्यांना की जे कुठल्याच खुर्चीत बसत नव्हते.

दोन दिवस ती घरात बोटं दुमडत फिरत होती. तिसऱ्या दिवशी कच्चं पत्र तयार झालं, आणि ते दहाबोटे सरांच्या टेबलावर गेलं.

सरांनी चष्मा चढवला, लाल पेन काढलं. पत्र वाचता वाचता त्यांची बोटं दुमडत गेली. नऊ. शेवटी ते थांबले.

"हे काय आहे? 'मी बाकडं दोन फूट डावीकडं सरकवीन, म्हणजे कपाटाचं दार पूर्ण उघडेल.' "

"ते बाबांनी सांगितलंय, सर."

"यात अलंकार कुठाय?"

लेकीनं वाक्याकडं पाहिलं. खरंच, कुठंच नव्हता.

"नीरस," सर म्हणाले आणि त्यांनी वाक्यावर लाल रेघ मारली. "सुतारकामाची यादी वाटते. याच्या जागी शेवटी एक जळजळीत प्रश्न टाक. अधिकाऱ्याच्या काळजाला हात घाल. त्याला वाटलं पाहिजे की उद्या आपल्यावर हीच पाळी आली तर?" मग त्यांनी स्वतःच्या हातानं शेवट लिहून दिला, खाली वीसपैकी वीस घातले आणि पत्राच्या चाळीस झेरॉक्स काढून वर्गात वाटल्या. एक फळ्याशेजारी चिकटवली. लेकीला त्या दिवशी जमिनीवर चालताना खाली पाय टेकतायत की नाही तेसुद्धा कळत नव्हतं.

घरी तिनं बापाला आणि आत्याला पत्र वाचून दाखवलं, आपल्या भाषेत अर्थ सांगत सांगत. आई गेल्यापासून ही आत्याच घर सांभाळत होती. दर आठवड्याला ती सभागृहात जाऊन बुवांचं प्रवचन ऐकायची, आणि बुवा नुसतं सांगणारे नव्हते, गाऊन सांगणारे होते. त्यामुळे चांगलं बोलणं म्हणजे काय हे आत्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पत्र असं होतं:

"कल्पना करा! एक अंधार. एक कुलूप. एक आक्रोश. माणसाचं घर बंद झालं तर त्यानं जावं कुठं, बसावं कुठं, रडावं कुठं? नुकत्याच झालेल्या सर्वेक्षणानुसार या शहरातले ब्याण्णव टक्के नागरिक किल्लीवाल्यावाचून एक दिवसही जगू शकत नाहीत. जगद्विख्यात कुलूपशास्त्रज्ञांच्या मते, किल्लीवाला नसलेलं शहर म्हणजे हृदय नसलेला देह. आज तो जिना रडतो आहे. त्याच्या पायऱ्या थरथरत आहेत. महोदय, लक्षात ठेवा! एक दिवस तुमचंही दार बंद होईल. तुम्ही आत असाल. तुम्ही ओरडाल. आणि त्या दिवशी, किल्ली कोणाच्या हातात असेल?"

वाचून झालं. किल्लीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुलूपशास्त्रज्ञसुद्धा असतात, आणि ते आपल्या बाजूचे आहेत!

"अक्का, बघितलंस?" तो बहिणीला म्हणाला.

आत्या पदरानं चष्मा पुसत होती. "छान आहे. अंगावर काटा आला. आमचे बुवासुद्धा असेच बोलतात. हरणाचा दृष्टांत देतात, पाडसाचा देतात, गाता गाता सगळी सभा रडवतात. पण शेवटी वळून विचारतात, की बाबा रे, रडून झालं, आता देवापाशी तुझं मागणं काय? हिनं मागितलं काय?"

लेकीची नजर पत्रावरून वर-खाली फिरली.

"आत्या, ते गर्भित असतं," ती म्हणाली.

"असेल गं बाई. देवाला गर्भित कळतं. तिसऱ्या मजल्याला कळेल का?"

"अक्का, तू गप," किल्लीवाला म्हणाला. "वीसपैकी वीस आहेत त्याला." मग जरा घुटमळून लेकीला म्हणाला, "पण ते बाकडं सरकवायचं…"

"सरांनी काढलं, बाबा. त्याला मार्क नव्हते."

आणि ज्या लेकीला वीसपैकी वीस पडतात तिला आपण काय सांगणार, असं म्हणून किल्लीवाल्यानं पत्र पाकिटात घातलं. लेकीनं पत्राखाली सही केली होती, व्यवस्थित, डाव्या कोपऱ्यात, जशी शिकवली होती तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते पाकीट तिसऱ्या मजल्यावरच्या दाराशेजारच्या पेटीत टाकलं आणि पेटीला हात लावून नमस्कार केला.

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. वरून काहीच आलं नाही. कागद चिकटल्यापासून बाराव्या दिवशी मात्र हेडक्लार्क खाली आला. घाबरा माणूस, नेहमी चाळीस किल्ल्यांचा जुडगा कमरेला. आज त्यानं इकडे-तिकडे बघत बाकड्यावर एक किल्ली ठेवली.

"याच्या तीन करून द्या. आणि आमच्या खोलीला आतून लावायची कडी मिळेल का? मजबूत?"

"आतून?" किल्लीवाल्यानं कोरी किल्ली शेगड्यात आवळत विचारलं. "काय झालं साहेब?"

"दिवस बरे नाहीत," हेडक्लार्क हलक्या आवाजात म्हणाला. "धमकी आलीय. आम्हाला कोंडून ठेवणारेत."

"काय सांगता! कोण?"

"नाव नाही. निनावी आहे."

"हलकट माणसं," किल्लीवाला मनापासून म्हणाला. आणि त्यानं तीन किल्ल्या अशा कापल्या, एकेका दाताला अशी कानस मारली, की कुणाच्या बापाला त्या खोलीत साहेबांना कोंडता येऊ नये. कडीसुद्धा चांगल्या जाड सळईची दिली.

पंधराव्या दिवशी दुपारी शिपाई खाली उतरला. इमारतीत बसणारे सगळे वर या, बाईंनी बोलावलंय. बाई म्हणजे इमारत खात्याच्या अधिकारी. किल्लीवाल्याला वाटलं, बोलावलंय म्हणजे पत्र पोचलं. लेक नुकतीच शाळेतून आली होती, तिलाही त्यानं सोबत घेतलं. न जाणो, बाई इंग्रजीत बोलल्या तर.

वर बाईंच्या खोलीत घड्याळ दुरुस्त करणारा होता, झेरॉक्सवाली होती आणि फॉर्म भरून देणारे म्हातारे काका होते. दारात एक रखवालदार, हातात काठी, नवीन नेमलेला. बाईंच्या टेबलावर, प्लास्टिकच्या पिशवीत पुराव्यासारखं ठेवलेलं, ते पत्र.

लेकीनं ते ओळखलं. तिचा हात बापाच्या बाहीवर घट्ट झाला.

"हे कुणी लिहिलं?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "नुसतं विचारतेय. 'एक दिवस तुमचं दार बंद होईल, तुम्ही आत असाल, तुम्ही ओरडाल.' आमचे हेडक्लार्क चार दिवस जेवलेले नाहीत."

हेडक्लार्कनं मान डोलावली.

"पत्रात किल्लीवाल्याचं नाव काढलंय, पण आमच्या किल्लीवाल्याला इंग्रजी येत नाही. खाली सही आहे, अ. ब. क.," बाई पुढं म्हणाल्या. "पत्ता आहे, परीक्षा केंद्र. आम्ही माणूस पाठवला तिथं. तिथला रखवालदार म्हणाला, अ. ब. क. आमच्याकडं दरवर्षी दोन हजार येतात, तुम्हाला कुठला हवाय?"

झेरॉक्सवाली खुदकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

आता झालं असं होतं की परीक्षेत स्वतःचं नाव लिहिलं तर पेपर बाद होतो. हे दहाबोटे सरांनी मुलांच्या डोक्यात इतकं खोल ठोकलं होतं की पत्राच्या तळाशी पोचलं की हात आपोआप अ. ब. क. लिहायचा आणि पत्त्याच्या जागी परीक्षा केंद्र. पाच वर्षांत या मुलीनं शंभरेक पत्रं लिहिली असतील. स्वतःच्या नावाचं एकही नाही. सरांनी लाल पेनानं सगळं तपासलं, पण सही बघून त्यांनी उलट बरोबरची खूण केली होती.

किल्लीवाल्याला हळूहळू सगळं दिसू लागलं, एखादं कुलूप उघडून आतल्या पिना दिसाव्यात तसं. पत्र त्याचंच. धमकीही त्याचीच. ज्याच्यापासून वाचायला हेडक्लार्कनं कडी नेली तो हलकट माणूस म्हणजे तो स्वतः.

"ज्यानं कुणी हे लिहिलं असेल," बाई म्हणाल्या, "त्याचं नाव मी पोलिसांकडं देणार आहे. आणि दुसरं, आज जिन्याखालच्या जागेचा शेवटचा दिवस." त्यांनी किल्लीवाल्याकडं पाहिलं. "तुमच्याकडून हरकत आलेली नाही. उद्या माणसं येतील सामान हलवायला. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी लिहाल."

बघा, माणूस कुठं येऊन अडकतो. पत्र माझं म्हणावं, तर पोलीस. नाही म्हणावं, तर हरकतच नाही, उद्या बाकडं रस्त्यावर. फॉर्मवाल्या काकांनी किल्लीवाल्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हळूच एक पाऊल बाजूला सरकले.

"बाबा," लेक कुजबुजली, "मी सांगते, मी लिहिलंय."

"तू थांब," किल्लीवाला म्हणाला. आणि पुढं झाला. "बाई, ते पत्र माझं आहे."

हेडक्लार्क खुर्चीतून उठून कपाटाच्या मागं गेला.

"तुमचं?" बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही आम्हाला कोंडणार होतात?"

"मी कशाला कोंडतोय? परवाच साहेबांना तीन किल्ल्या करून दिल्या, आतली कडी दिली. विचारा त्यांना. कोंडायचं असतं तर चौथी मी ठेवली नसती का?"

हे हेडक्लार्कला पटल्यासारखं दिसलं. तो अर्धा बाहेर आला.

"मग हे?" बाईंनी बोट ठेवलं. "हे ब्याण्णव टक्के? हे सर्वेक्षण कुणी केलं? मी खात्याला लिहून विचारलं की असं सर्वेक्षण झालंय का. तिकडून उत्तर आलंय की माहिती मागवली आहे."

किल्लीवाल्यानं लेकीकडं पाहिलं. आजवर त्याला वाटत होतं, लेकीनं ते कुठंतरी वाचलं असणार.

"कुणीच नाही केलं," लेक म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आकडा टाकावा लागतो. नाहीतर एक बोट उरतं."

"आणि कुलूपशास्त्रज्ञ?" किल्लीवाल्यानंच विचारलं. त्याच्या आवाजात अजून थोडी आशा होती.

"नाहीत, बाबा."

कुलूपशास्त्रज्ञ नाहीत याचं त्याला खरोखर वाईट वाटलं. दहा दिवस तो त्यांच्या भरवशावर झोपला होता.

बाई क्षणभर लेकीच्या गणवेशाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, आणि वाचता वाचता त्यांच्या दोन्ही हातांची बोटं, नकळत, एकेक आत जाऊ लागली. दहावं बोट आत गेल्यावर त्या थांबल्या, मुठींकडं बघून दचकल्या आणि हात टेबलाखाली नेले.

"क्लास कुठला?" त्यांनी विचारलं.

लेकीनं सांगितला.

"अजून चालू आहे?" बाई म्हणाल्या. "आमच्या वेळी त्यांना केस होते." मग घसा खाकरून पुन्हा अधिकारी झाल्या. "असो. आता मला साध्या भाषेत सांगा. तुमचं म्हणणं काय?"

आत्याच्या बुवांनी विचारावं तसं त्यांनी विचारलं. रडून झालं, आता मागणं काय?

"बाकडं डावीकडं दोन फूट सरकवतो," किल्लीवाला म्हणाला. "दार अडीच फुटांचं आहे, भिंतीला टेकेल. डाव्या अंगाला मी नुसता झाडू ठेवतो. मी मोजलंय."

बाईंनी हेडक्लार्ककडं पाहिलं, हेडक्लार्कनं रखवालदाराकडं, आणि रखवालदारानं काठी भिंतीला टेकवली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे लिहिलं का नाहीत?" आता मात्र बाईंचा आवाज चढला. "एवढी एक ओळ! त्याच दिवशी मंजूर केली असती. मला काय तुमचं बाकडं घरी न्यायचंय? मला दार उघडायला हवंय!"

बापानं लेकीकडं पाहिलं नाही. लेकीनं जमिनीकडं पाहिलं.

"लिहिलं होतं," ती म्हणाली. "सरांनी खोडलं. त्यात अलंकार नव्हता."

बाईंनी कोरा कागद पुढं सरकवला. "बस. लिही. आत्ता. पाच वाजेपर्यंत शेवटचा दिवस आहे."

लेक बसली. पेन टेकवलं. आणि पहिला शब्द लिहिला, 'कल्पना'. हात तिथंच थांबला. बाप मागं उभा होता. त्याला इंग्रजी शब्द कळला नाही, पण लेकीची मान ताठ झालेली कळली. तिनं तो शब्द खोडला. मग एका दमात लिहून काढलं: जिन्याखाली किल्ल्या करणारा मी, माझं बाकडं दोन फूट डावीकडं सरकवीन, म्हणजे मीटरच्या कपाटाचं दार पूर्ण उघडेल, तरी मला तिथंच बसू द्यावं, ही विनंती. तिचा डावा हात टेबलावर सपाट पडला होता, पाचही बोटं उघडी. ती सवयीनं सहीपाशी आली, 'अ' लिहिलं, आणि बापाकडं वळून पाहिलं.

"माझं नाव घाल," किल्लीवाला म्हणाला. "पूर्ण. वडिलांच्या नावासकट."

तिनं घातलं. खाली त्यानं सही केली, बिल्ल्यावर अक्षरं ठोकतो तशी, एकेक सुटं. बाईंनी त्यावर शिक्का मारला, आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं जुनं पत्र मात्र ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. पोलिसांकडं ते गेलं नाही. कशासाठी ठेवलं ते कुणी विचारलं नाही.

बाकडं त्याच संध्याकाळी सरकलं. एक फूट किल्लीवाल्यानं ओढलं आणि एक फूट हेडक्लार्कनं ढकललं. मग दोघांनी कपाटाचं दार पाच-सहा वेळा उघडून-मिटून बघितलं, उगाचच. नव्या जागी जिना इतका खाली उतरलेला होता की उठताना डोकं आपटायचं. पुढच्या आठवड्यात तीनदा आपटलं, मग सवय झाली.

दहाबोटे सरांना ही बातमी कळायला वेळ लागला नाही. त्यांनी क्लासबाहेर फलकच लावला: आमच्या विद्यार्थिनीच्या पत्रानं वाचवलं एका गरिबाचं दुकान! वाचा, ते वीसपैकी वीसचं पत्र! खाली तेच पत्र, ब्याण्णव टक्के, कुलूपशास्त्रज्ञ, रडणारा जिना, सगळं. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी आत्तापासूनच दुप्पट गर्दी झाली. खरं सांगायला लेक एकदा त्यांच्याकडं गेली होती. सर म्हणाले, बाळ, तो तपशील झाला.

आणि मग एक दिवस सर स्वतःच धापा टाकत जिन्याखाली आले. मागच्या फुटपाथवर चाळीस मुलं उभी.

"कल्पना करा!" सर म्हणाले. "चाळीस कोवळे जीव उन्हात ताटकळतायत, ज्ञानाचं मंदिर बंद आहे, आणि ते निष्ठुर कुलूप…"

"सर, कुलूप कुठल्या बनावटीचं?" किल्लीवाल्यानं विचारलं.

"बनावट? ते… ते एखाद्या राक्षसासारखं…"

"किल्ली हरवली की आत मोडली?"

"आता काय सांगू! नशिबाची थट्टा म्हणावी की…"

"सर. हरवली की मोडली?"

सरांनी दुमडलेली बोटं उघडली. शेवटी त्यांच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडलं, पार उघडंबोडकं.

"आत मोडली."

"दाराचं आहे की टांगतं?"

"टांगतं."

"चला," म्हणत किल्लीवाला उठला, डोकं आपटलं, आणि हत्यारांची पेटी घेऊन निघाला.

परीक्षा झाली. इंग्रजीच्या पेपरात पत्र आलं होतं, उजाड झालेल्या बागेबद्दल. निकाल लागला आणि मागवलेली उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आली, तेव्हा लेकीच्या पत्राला वीसपैकी एकोणीस. घरी आत्यानं आनंदानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. किल्लीवाला मात्र जरा वेगळ्याच काळजीत होता.

"त्यात टक्के किती घातलेस?"

"ब्याण्णव."

"आणि शास्त्रज्ञ?"

"होते. उद्यानशास्त्रज्ञ."

"अगं, म्हणजे परत तेच?" त्याला कळेना. "एवढं सगळं झाल्यावर?"

"बाबा," लेक म्हणाली, "ती बाग कुठंच नाहीये. तिथं कुणाचं बाकडं नाही. त्या कुलपाला अशीच किल्ली लागते, मग मी तशीच कापून दिली. तू नाही का गिऱ्हाइकाला, त्याला हवी तशीच देत?"

आत्या हसली. किल्लीवाल्याला ते पटलं. मग विचारलं, "आणि एक मार्क कशाचा गेला?"

लेकीनं खालमानेनं सांगितलं. शेवटी, सवयीनं नव्हे, चुकूनही नव्हे, अगदी समजून-उमजून तिनं एक ओळ जादा लिहिली होती: बागेच्या नळाला तोटी बसवून द्यावी, म्हणजे झाडं जगतील. तपासनिसानं त्या ओळीवर लाल रेघ मारली होती.

किल्लीवाल्यानं बाकड्याच्या खणातून एक कोरा पितळी बिल्ला काढला, त्यावर एकेक अक्षर ठोकत तो आकडा उमटवला, एकोणीस, आणि मीटरच्या कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवला. कुणी विचारलं, की हा कुठल्या खोलीचा बिल्ला, तर सांगायचा, "तोटीच्या ओळीला मार्क देणाऱ्या खोलीचा. ती अजून बांधायची आहे."